साथीच्या काळात ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) कर्तव्य

प्रश्न: साथ पसरलेली असताना उपासना बंद ठेवणे आणि आजारी सभासदांच्या घरी न जाणे, हा विश्वासाचा अभाव ठरतो का? कोल्हापुरातील आमच्या मंडळीत यावरून दोन तट पडले आहेत.

उत्तर १: नाही. १५२७ मध्ये जर्मनीतील विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर सेवेसाठी शहरातच राहिले. मात्र औषध घ्यावे, घरात धुरी द्यावी आणि जिथे आपली गरज नाही तिथे जाणे टाळावे, असेही त्यांनी लिहिले.

उत्तर २: सहमत, परंतु उपासना ऑनलाइन झाली की जबाबदारी संपली, असे मानणाऱ्यांचे मला नवल वाटते. एकट्या वृद्धांच्या दारापर्यंत, त्यांचा धर्म न पाहता, डबा आणि औषधे पोहोचली पाहिजेत.

प्रश्नकर्ता: आणि प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या) विधीतील सामायिक प्याला?

उत्तर १: तूर्त प्रत्येकास वेगळा छोटा पेला द्यावा.