अनुभव धागा: शास्त्र (बायबल) वाचून विश्वासात वाढ होते ती नक्की कशी?

मोहरीचा_दाणा
सगळ्यांना सलाम. कपाट आवरताना वॉचनाइटला (३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत) मिळालेलं जुनं वचनकार्ड, म्हणजे बायबलचं वचन छापलेलं कार्ड, हाती लागलं. यिर्मया २९:११ (यिर्मयाचं पुस्तक, अध्याय २९, वचन ११). हित, आशा, खाली गुलाबाचं फूल. त्याच्या वरचं २९:१० कुठल्याच कार्डावर छापत नाहीत: बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) सत्तर वर्षं भरल्यावर! हे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र तिथे बंदिवासात नेलेल्या लोकांना आहे आणि २९:५ मध्ये घरं बांधा, मळे लावा असं बजावलंय. म्हणजे लवकर सुटका नाही, मुक्काम करा. कार्ड वाचणारा हे कधी बघतच नाही.

म्हणून धागा काढला. वाचून वाढ कशी होते, गाडी कुठे अडते, ते लिहा. साक्ष (देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगणं) नको, त्याला बुधवारची प्रार्थनासभा आहे. पद्धत लिहा.

माझ्या मते मुद्दा इब्री ५:१४ मध्ये आहे. दूध बाळांना आणि जड अन्न प्रौढांना, हे सगळ्यांना पाठ असतं, पण प्रौढ कोण? बरं-वाईट ओळखायचा सराव झालेला माणूस. तिथल्या ग्रीक शब्दाचं मूळ तेच, ज्यातून आपला 'जिम' आला. किती अध्याय झाले हा हिशेब त्या वचनात नाही.

रात्रपाळी
हिशेब नाही म्हणता, पण हिशेबाशिवाय वाचनच होत नाही हो. बायबलचे एकूण ११८९ अध्याय. सोमवार ते शनिवार रोज ३, रविवारी ५, आठवड्याचे २३. बावन्न आठवड्यांत ११९६. सात अध्याय शिल्लक, म्हणजे दोन दिवस आजारी पडायची सवलत.

संडेस्कूलवाली
आणि गाडी कुठे अडते तेही याच हिशेबात दिसतं. पहिली दोन पुस्तकं, उत्पत्ती ५०, निर्गम ४०, झाले ९०. म्हणजे जानेवारीच्या शेवटी लेवीय, अर्पणांचं आणि नियमांचं तिसरं पुस्तक. तिथे निम्मी मंडळी गळते 😄

नगरी_सलाम
लेवीय सरळ रेषेत वाचू नका. आधी नकाशा डोक्यात घ्या. १ ते ७ अर्पणं (होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण), ८ ते १० याजक, ११ ते १५ शुद्ध-अशुद्ध, १६ प्रायश्चित्ताचा दिवस, १७ पासून पवित्र राहणी, २७ नवस. सोळावा अध्याय हा कणा. तो वाचला की त्याच दिवशी इब्री ९ आणि १० वाचायचं (तिथे तोच दिवस ख्रिस्ताशी जोडलाय), दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही, नाहीतर धागा तुटतो. अर्पणांच्या अध्यायांत प्रत्येक वेळी एकच बघा, जनावर कोण कापतं. १:५ नीट वाचा, अर्पण आणणाराच कापतो, याजक रक्त घेऊन पुढचं करतो. एवढं दिसलं की पुस्तक कंटाळवाणं राहत नाही.

आणि 'शेजाऱ्यावर प्रीती कर' हे १९:१८ आहे. लेवीय सोडणारे हेही सोडतात.

दुधाचे_दात
जिमवरून आठवलं, जिमच्या टीशर्टवर फिलिप्पै ४:१३ असतं, 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो'. त्याच्या वरच्या वचनात उपाशी राहणंही आहे, ते टीशर्टवर नको असतं कुणाला 😂

रात्रपाळी
डाएटवाल्यांना चालेल की

पाळकघर
मोहरी ताई, धागा चांगला काढलात. 'सराव' कसा करायचा ते एका पत्रावर दाखवते. पौलाचं इफिसकरांना पत्र, इफिस, घ्या. ६ अध्याय, १५५ वचनं, मोठ्याने वाचलं तर साधारण वीस मिनिटं. आठवडाभर रोज तेच पूर्ण वाचायचं. पहिले तीन दिवस पेन हातात नको. चौथ्या दिवशी पेन्सिलने फक्त आज्ञा अधोरेखित करा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्याची शेपटी बघत गेलात तरी भागतं: करा, चाला, नका.

मग पान लांब धरून बघा. १ ते ३ जवळजवळ कोरे. थेट आज्ञा एकच, २:११, आठवण करा. (३:१३ मध्ये खचू नका अशी विनंती आहे, ती वेगळी.) ४:१ ला 'म्हणून' येतं आणि तिथून पुढे पान पेन्सिलीने काळं. देवाने काय केलं ते आधी तीन अध्याय, तुम्ही काय करायचं ते नंतर तीन. आपल्याकडे उपदेश बहुतेक ४:२५ पासून सुरू होतो, खोटं बोलू नका, चोरी करू नका. ऐकणारा दमतो, कारण त्याला 'म्हणून'च्या आधीचं मिळालेलंच नसतं.

नगरी_सलाम
पाळकीणबाई, हे मंडळीत (चर्चमध्ये) वाचून दाखवू का?

पाळकघर
दाखवा की. पण पेन्सिली वाटा, नुसतं वाचून दाखवू नका.

वसईचा_वारा
आम्ही कॅथलिक, आमच्या बायबलात पुस्तकं ७३, त्यामुळे रात्रपाळी दादांचा हिशेब कोलमडला 🙂 मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात असतात. शुभवर्तमानांपैकी अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक, योहान मध्ये मध्ये. सोपी युक्ती, येत्या रविवारची वाचनं गुरुवारीच घरी काढून वाचायची. प्रवचन दुसऱ्यांदा ऐकल्यासारखं लागतं.

मननासाठी जुनी मठातली रीत: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. बाराव्या शतकात गिगो नावाच्या संन्याशाने या चार पायऱ्यांची शिडी मांडली. उतारा ८ ते १० वचनांचा, जास्त नको. एकदा सावकाश वाचा, जो शब्द अडकेल तिथे थांबा, दुसऱ्यांदा वाचा. चुकतं कुठे? लोक पहिल्याच वाचनात 'यातून मला काय' विचारतात. मग शास्त्र आरसा होतं खरं, पण फक्त सेल्फीचा. आधी विचारा, हे कोण कुणाला म्हणतंय. पंचवीस मिनिटं पुरतात.

संडेस्कूलवाली
पाठांतराचं कुणी लिहिलं नाही अजून. स्तोत्र १:२ मधलं 'मनन' म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं नव्हे. मूळ हिब्रू शब्द पुटपुटण्याचा आहे, यशया ३१:४ मध्ये भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहाला तोच शब्द आहे. म्हणून मनात नाही, तोंडाने.

सुटी वचनं पाठ करू नका, सलग उतारा करा. स्तोत्र १ (६ वचनं), मग स्तोत्र २३ (तेही ६), मग मत्तय ५:३-१२. आठवड्याला दोन वचनं, बास. संदर्भ आधीही म्हणायचा आणि शेवटीही, नाहीतर वचन राहतं आणि पत्ता हरवतो. उजळणी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या, तिसाव्या. अडलं तर पूर्ण वचन उघडून बघायचं नाही, वहीत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर लिहून ठेवलेलं असतं, ते बघायचं. मुलं यात मोठ्यांना हरवतात.

बाकी चाल लावली की निम्मं काम झालं. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी क्रिस्तपुराण (ख्रिस्ताची मराठी कथा) ओवीत लिहिलं, १६१६ साली छापलं, ते उगाच नाही.

दुधाचे_दात
कुकरच्या तीन शिट्ट्यांत स्तोत्र २३ बसतं. डाळ असेल तर.

संडेस्कूलवाली
तूरडाळ की मूग? 😂

मोहरीचा_दाणा
प्रश्न. आवृत्ती कुठली? घरातल्या लहानांना जुनी भाषा झेपत नाही.

नगरी_सलाम
दोन ठेवा. मंडळीत वाचतात ती पवित्र शास्त्राची आवृत्ती पाठांतराला, सोपी मराठी समजायला. एकच वचन दोन्हींत शेजारी ठेवून फरक दिसला की तिथे खणायचं. केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून एकटीने भाषांतर केलं, तेही साध्या बायकांना कळावं म्हणून. काम संपवून १९२२ ला त्या गेल्या, १९२४ ला त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून ते बाहेर आलं. सोप्या भाषेची मागणी आजची नाही.

पाळकघर
फरक दिसतो तिथे खणा, याचं उदाहरण देते. २ पेत्र १:५-७, जिथे एकात एक भर घालायला सांगितलंय. विश्वासानंतर लगेच 'सात्त्विकता'. आजच्या कानाला सात्त्विक म्हणजे काय?

दुधाचे_दात
कांदा-लसूण नाही

पाळकघर
तेच तर! मूळ शब्द चांगुलपणातल्या कर्तबगारीचा आहे, हातातलं काम उत्तम करण्याचा. कांद्याशी संबंध नाही. रविवारचं मटण सुरक्षित आहे.

आणि ती यादी पुढे बघा. विश्वास, सात्त्विकता, ज्ञान, मग इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम, शेवटी प्रीती. ज्ञान तिसरंच आहे, शेवटचं नाही. बायबलचे क्लास केलेली माणसं बहुतेक तिथेच मुक्काम टाकतात. पुढची पायरी इंद्रियदमन, तिला प्रमाणपत्र मिळत नाही.

रात्रपाळी
मग पालनाचं कसं करायचं? 'नम्र होईन' असं वहीत लिहिलं की दुसऱ्या दिवशी वही बंद.

पाळकघर
कारण 'नम्र होईन' हे तपासता येत नाही, रात्रपाळी भाऊ. याकोब १:२२-२५ मधला माणूस आरशात बघून जातो आणि चेहरा विसरतो. विसरायला जागाच ठेवायची नाही. एक वचन, एक माणूस, एक वार. रोम १३:८ वाचलं, कुणाचं देणं ठेवू नका. वहीत लिहायचं: दूधवाल्याचे मागच्या महिन्याचे पैसे, गुरुवारच्या आत. शुक्रवारी खूण करायची, झालं किंवा नाही. नाही झालं तर तेच वचन पुढच्या आठवड्यात पुन्हा, नवीन घ्यायचं नाही. नवीन वचन ही पळवाट असते.

आणि वही दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची. नवऱ्याला नको, तो फार लवकर माफ करतो.

वसईचा_वारा
🙏🙏 नवीन वचन ही पळवाट, हे कपाटावर चिकटवतो

दुधाचे_दात
वचनकार्ड झालं की हो दादा तेही 😄

संडेस्कूलवाली
😂😂 वरची ओळ छापायला विसरू नका

रात्रपाळी
पेन्सिल कुठली घेता सगळे? पान इतकं पातळ की जेलपेन थेट मलाखीतून (जुन्या कराराचं शेवटचं पुस्तक) मत्तयात (नव्याचं पहिलं) उतरतं.

नगरी_सलाम
जेल नाही, स्केचपेन तर नाहीच. एचबी पेन्सिल, टोक थोडं बोथट करून. रंग हवा तर लाकडी रंगपेन्सिल, हलक्या हाताने. खाली जाड पुठ्ठा सरकवायचा, पुढच्या पानावर वळ उठत नाहीत. इफिससाठी सरळ ए-४ वर दुप्पट अंतर सोडून प्रिंट काढा, सहा-सात पानांत बसतं.

रात्रपाळी
बोथट टोक! हे माहीत नव्हतं. ड्यूटीवर निघालो, सलाम.

मोहरीचा_दाणा
पाळकीणबाई, इफिस सोमवारी सुरू करतेय. पहिले तीन दिवस खरंच पेन नको ना?

पाळकघर
नको. आणि फोन दुसऱ्या खोलीत.