मदत हवी आहे : घोड्याशिवाय अँटीबॉडी?

मंडळी, सोमवारी एमएस्सीचा सेमिनार आहे आणि अँटीबॉडी कशा बनवतात हा विषय मीच हौसेने घेतलाय, आता भोगतोय. मागच्या पावसाळ्यात यावलकडे केळीत पाणी भरताना काकांना घोणस चावली, सलाईनमधून दहा बाटल्या विषावरची लस (म्हणजे अँटीव्हेनम) गेली तेव्हा कुठे वाचले, तेव्हापासून डोक्यात तेच. ती लस घोड्याची, विष थोडं थोडं टोचून त्याच्या रक्तातून काढलेली, हे समजलं. हायब्रिडोमा पण समजलं, १९७५ चं कोलर-मिलस्टाइनचं काम, उंदराची अँटीबॉडी बनवणारी बी पेशी मायलोमाला (कॅन्सरच्या पेशीला) जोडायची अन् हॅट मीडियात (पेशी निवडायच्या खास द्रवात) फक्त जोडलेल्याच टिकतात.

गाडी अडलीय फेज डिस्प्लेवर. फेजच्या (बॅक्टेरियाला लागणाऱ्या विषाणूच्या) अंगावर अँटीबॉडीचा तुकडा, पोटात त्याचाच जीन, अँटिजेनच्या (ज्याला अँटीबॉडी चिकटायला हवी त्या पदार्थाच्या) प्लेटवर ओता, धुवा, चिकटलेले ई. कोलाय बॅक्टेरियात वाढवा, परत तेच तीन-चार वेळा. पण भाऊ, जनावराला काही टोचलंच नाही तर लायब्ररीत (अशा असंख्य वेगवेगळ्या फेजच्या साठ्यात) घट्ट चिकटणारी अँटीबॉडी येते कुठून? आणि सीडीआर (अँटीबॉडीचे अँटिजेनला चिकटणारे भाग) कृत्रिम बनवले की ती सिंथेटिक म्हणायची का? विषात तर टॉक्सिन ढीगभर, एकच अँटीबॉडी काय पुरणार?

जळगाव-धुळ्याकडचं कोणी लॅबमध्ये केलेलं असेल तर साध्या भाषेत सांगा, सर विचारतील ते हेच.