थंडीत गावाकडं जायला जुनी मोठी सेडान घ्यावी का? तुमचे अनुभव लिहा

बालाघाटी:
सोमवारी पहाटे अंबाजोगाईहून संभाजीनगरला परत येत होतो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना एकदम धुकं लागलं. समोर नुसतं दूध. काच आतून धूसर व्हायला लागली आणि माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडं गेला. मी तंबाखू खात नाही. वडील खायचे. आमची पद्मिनी गाडी होती तेव्हा, काच धूसर झाली की ते पुडीतली तंबाखू फडक्यात घेऊन काचेवर चोळायचे. थंडीत गाडी चालू व्हायची ती चोक ओढून, दोनदा बंद पडून, तिसऱ्यांदा आईनं "वैजनाथा" म्हटल्यावर. मागं आम्ही तिघं भावंडं एका गोधडीत. सगळ्या गाडीला पेट्रोलचा आणि तंबाखूचा वास. इतकी वर्षं आठवलं नव्हतं हे.

तर त्याच घाटात पुढं वीसेक फुटांवर उसाची ट्रॉली दिसली. लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, मागं लोंबणारी वाढी (उसाचे शेंडे) तेवढी दिसली. ब्रेक लागला, वाचलो. माझी छोटी हॅचबॅक, २ एअरबॅग. घरी आल्यापासून डोक्यात बसलंय की जड गाडी पाहिजे.

एका डीलरकडं २०१६ ची जर्मन सेडान बघितली. डिझेल, ऑटोमॅटिक, ७८ हजार किमी, पहिला मालक, साडेअकरा लाख सांगतोय. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथं त्याच्यावरच भांडणं लागतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर शनिवारी गावाकडं, सोमवारी पहाटे परत. बायको नको म्हणते. तुमच्यापैकी कुणी घेतली असेल तर खरं खरं लिहा.

उजनी_ते_औसा:
नका घेऊ

उजनी_ते_औसा:
सविस्तर रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे

शेंद्र्याचा_माणूस:
दादा, मी शेंद्र्याला, संभाजीनगरजवळच्या गाड्यांच्या कारखान्यात, लाइनवर काढलीत काही वर्षं. २००१ पासून स्कोडा तिथं जुळायला लागली, पुढं ऑडीपण. आपल्या मातीतल्या गाड्या म्हणा की. एक सांगतो, ही गाडी खराब होत नाही, तिला खराब करतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं विचारा. "लाइफटाइम असतं, बदलावं लागत नाही" असं म्हणला तर तिथून उठा. चेसिस नंबर घेऊन सर्व्हिस हिस्टरी काढा, डीलरचा कागद नको. ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. ७८ हजाराची गाडी आणि रबर गुळगुळीत असेल तर मीटर मागं फिरवलंय.
टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. १८१९ म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. नक्षी कितीबी भारी दिसू द्या, असले जुने टायर घेऊन समृद्धीवर १२० नं जाऊ नका.

पांढरं_सोनं:
मी घेतली होती. ३ वर्षं ठेवली. गाडी एक नंबर, तक्रार नाही. तक्रार भावकीची. तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू. "भाऊ, नवरदेवाला तुमची गाडी पाहिजे." पांढरी सेडान ना. एका सिझनला ११ नवरदेव नेले मी, डिझेल माझं, ड्रायव्हर मी, जेवायला शेवटच्या पंगतीत. बोनेटवर चिकटपट्टीनं फुलं लावतात, ती काढताना रंग निघाला. एक नवरदेव मागच्या सीटवर उलटला, हळदीच्या रात्री काय खाल्लं होतं देव जाणे.
विकली. आता जुनी बोलेरो आहे, कुणी मागत नाही.

गोदाकाठ:
शेवटच्या पंगतीत 😂😂

सुमनमावशी:
अरे पण काळी घे ना मग

पांढरं_सोनं:
मावशी काळ्या गाडीवर आपली धूळ बघितलीत का

परभणीची_डॉक्टर:
उलट बाजूनं लिहिते. मी ४ वर्षं अशीच सेडान वापरतेय, सेकंड हँडच. रात्री-अपरात्री तालुक्याच्या हॉस्पिटलला जावं लागतं, आणि आमच्याकडची थंडी तुम्हाला माहितीय, राज्यातल्या सगळ्यात कमी तापमानाच्या बातमीत परभणी ठरलेलीच.

गाडी रस्ता धरून चालते, वळणावर भीती वाटत नाही, हे खरं. युरोपियन गाड्यांना मागं एक वेगळा फॉग लॅम्प असतो, लालभडक. धुक्यात मागच्याला तुम्ही लांबून दिसता. मी त्याच एका गोष्टीसाठी गाडी ठेवीन. (धुकं गेल्यावर तो बंद करायचा असतो. लोक तसाच ठेवतात, मागच्याच्या डोळ्यात जातो.)

काच आतून धूसर होते तेव्हा एसी लावा, हवा काचेवर सोडा. थंडीत एसी कशाला म्हणून लोक लावत नाहीत, पण एसी हवेतलं पाणी ओढून घेतो, मिनिटात काच साफ. तंबाखू नको 🙂 आणि धुक्यात अप्पर मारू नका. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो.

आता खर्च. पहिल्याच थंडीत बॅटरी गेली. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर साधी बॅटरी चालत नाही, महागातली लागते, मला २२ हजार पडले. चार टायर ५८ हजार. साडेअकरा लाख गाडीला आणि वर्षाला लाखभर बाजूला, एवढं जमत असेल तर घ्या. नसेल जमत तर वहिनी बरोबर बोलतायत.

बालाघाटी:
डॉक्टर, मागचा फॉग लॅम्प हे माहीतच नव्हतं. धन्यवाद. बायकोला तुमची शेवटची ओळ दाखवणार नाही.

एमएच२४:
आमी येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात घेऊन गेलतो. बास एवढंच सांगतो

गोदाकाठ:
पूर्ण सांगा ओ

एमएच२४:
मेव्हण्याची गाडी. पुण्याहून आलता दाखवायला. मी म्हनलं रोडला लाव, बैलगाडीतून जाऊ. नाही म्हनला, बांधापर्यंत जाते. आदल्या दिवशी शेजाऱ्यानं हरभऱ्याला पाणी सोडलतं, ते वाटंवर आलतं. काळं रान. गाडी पोटावर बसली. इकडं भज्जी गार व्हायली, आंबिल तशीच, सगळे पाहुणे गाडी ढकलायले. शेवटी ट्रॅक्टर लावला. साखळी कुठं आडकवावी तेच घावंना, हूकच नाही पुढं. नंतर कळलं हूक डिक्कीत असतो, बंपरचं झाकण काढून आटे फिरवून बसवायचा. तवर ट्रॅक्टरवाल्यानं दुसरीकडंच आडकवून बंपर हातात दिल्ता.
जाताना गावच्या गतिरोधकावर ऑइलचं चेंबर फुटलं ते वेगळंच

सुमनमावशी:
आंबिलीचं नाव काढलंस आणि जीव तुटला रे. लेकाकडं आहे सध्या ठाण्याला. इथं कुणाला येळवस माहीतच नाही

एमएच२४:
या की मावशी औंदा. कोपीत जेवायला बसू

हेलपाटे:
दिल्लीच्या गाडीच्या नादी लागू नका कुणी, एवढं लिहायला आलो. मागं तिकडं डिझेलला १० वर्षांची अट होती, म्हणून स्वस्तात काढायचे. मी आणली. तिथून एनओसी, इथं परत नोंदणी, इथला रोड टॅक्स वेगळा, तिकडं भरलेला परत मागायला वेगळे कागद. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलं होतं पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवला नव्हता, तो दुबईला. सात महिने गाडी दारात झाकून. त्यात उंदरांनी वायरिंग खाल्लं.

शेंद्र्याचा_माणूस:
उंदीर हा थंडीतला खरा विषय आहे. सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं की गरम इंजिनात येऊन बसतात.

पांढरं_सोनं:
डांबर गोळ्या टाका कापडात बांधून

हेलपाटे:
टाकल्या. त्याबी खाल्ल्या

गोदाकाठ:
मांजर पाळा. माझ्या मांजरीनं इंजिनातच पिल्लं दिली ते सोडा

एक_वाचक:
सहसा लिहीत नाही.
माझ्या थोरल्या भावाकडं अशीच गाडी होती. ६ एअरबॅग. जानेवारी, रात्री साडेदहा, माजलगाव रोड. उसाची डबल ट्रॉली टायर फुटून रस्त्यातच उभी होती, ड्रायव्हर जॅक आणायला गेलेला. मागं दगड लावले होते, दिवा नव्हता.
सेडान बुटकी असते. बंपर ट्रॉलीच्या खाली गेला. ट्रॉलीचा मागचा लोखंडी चौकट बरोबर काचेच्या उंचीला येतो. गाडीचं पुढचं सगळं जवळपास चांगलं होतं, हे पोलिसांनी मला दाखवलं. गाडी जड असून उपयोग नव्हता, कारण धडक जिथं बसायला पाहिजे तिथं बसलीच नाही.
गाडी घ्या, नका घेऊ, मला त्यातलं कळत नाही. ऊस चालू असेल तर रात्री निघू नका. सोमवारी रजा टाका, नऊला निघा.

परभणीची_डॉक्टर:
🙏 लिहिलंत ते बरं केलंत.

एमएच२४:
दादा

सुमनमावशी:
वहिनी कशा आहेत? मुलं?

एक_वाचक:
बरे आहेत मावशी. थोरला यंदा बारावीला.

बालाघाटी:
दोन दिवस काही लिहिलं नाही, माफ करा. एक_वाचक, तुमची प्रतिक्रिया बायकोला वाचून दाखवली. सोमवारच्या पहाटेचं तिनं तिथंच बंद केलं, मीही वाद घातला नाही. आता रविवारी दुपारी जेवून निघणार आणि उजेडात बीडच्या पुढं असणार. आई म्हणाली एक रात्र कमी राहिलास तर काही बिघडत नाही, जिवंत ये. आमच्याकडं असंच बोलतात.

गाडीचं अजून ठरलेलं नाही. उजेडातच चालवायची तर एवढी गाडी लागते का, हाही प्रश्न आहेच. पण मोह सुटत नाही हेही खरं. काल परत जाऊन बघितली. पेडलचं रबर ठीक वाटलं. टायरवर २२१८. डीलर म्हणतो "साहेब, नक्षी बघा की".

शेंद्र्याचा_माणूस:
नक्षी बघा म्हणला ना? ६० हजार कमी करून मागा.

नाद_खुळा:
२०१० ला आपल्या औरंगाबादेत एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या लोकांनी, आठवतंय का? देशभर बातम्या. त्यातल्या किती अजून चालू असतील

हेलपाटे:
१५ वर्षं झाली त्यांना. म्हणजे आरसी संपली, फिटनेस करून ५ वर्षं वाढवायची, हरित कर भरायचा. कुणी स्वस्तात देतो म्हणला तर आधी तारीख बघा

नाद_खुळा:
मला घ्यायची नाही ओ, आठवलं म्हणून म्हणलं. तेव्हा आम्ही कॉलेजला होतो, क्रांती चौकात उभं राहून मोजायचो

उजनी_ते_औसा:
रात्री लिहितो म्हणलो होतो, चार दिवस झाले. सगळं आलंय वरती. माझं एवढंच राहिलं: डिक्की उघडून स्टेपनी आहे का बघा. माझ्या गाडीत नव्हती. पंक्चर झाली तरी ८० किलोमीटर, ८० च्या स्पीडनं पळते असले टायर म्हणे. पळाली. ऐंशी किलोमीटरनंतर कळंबच्या अलीकडं उभा होतो, रात्री एकला, स्वेटर नाही. एका हुरड्यावाल्यानं आगटीजवळ बसवलं. सकाळी टायर कुणाकडंच नाही, लातूरला नाही, सोलापूरला नाही, पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकून आला. तवर दीड दिवस मी हुरडा खात.

गोदाकाठ:
कुठला हुरडा? गूळभेंडी का सुरती

उजनी_ते_औसा:
सुरती. शेंगदाण्याची चटणी होती वर. खोटं कशाला बोलू, त्या दीड दिवसाचं वाईट वाटत नाही

एमएच२४:
आमच्याकडं आजून पंधरा दिवस आहेत हुरड्याला. दाणा भरला का बगावं लागल

बालाघाटी:
डिक्की उघडली. स्टेपनी नाही. खाली हवा भरायचा पंप, एक डिंकाची बाटली, आणि वाळलेली झेंडूची फुलं.

पांढरं_सोनं:
झेंडू?? नंबर काय आहे गाडीचा? एमएच २०, शेवटी ४१ का?

बालाघाटी:
हो. का?

पांढरं_सोनं:
फोन करतो