उत्तर बोगनव्हिलच्या भाषा

‘पापुअन’ हे एक भाषाकुल, म्हणजे एकाच मूळ भाषेतून निघालेल्या भाषांचा गट, असल्याचे काही जण मानतात. वस्तुतः ऑस्ट्रोनेशियन (मलय, हवाईयन आदी भाषांचे कुल) नसलेल्या, परंतु परस्परांशी नाते सिद्ध न झालेल्या न्यू गिनी व आसपासच्या बेटांवरील अनेक कुलांना मिळून दिलेले ते सोयीचे नाव आहे. पापुआ न्यू गिनीतील बोगनव्हिल बेटाचेच पाहा. तेथील उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या भाषा ही दोन वेगळी कुले मानली जातात. उत्तरेचे कुल लहान असून त्यातील रोटोकास सोडल्यास रापोइसी, केरियाका आदी भाषांविषयी फारच थोडे लेखन झाले आहे.

रोटोकासची वर्णमाला अवघ्या १२ अक्षरांची आहे, आणि त्यातही ‘त’ व ‘स’ ही अक्षरे एकाच व्यंजनाची आहेत, कारण ‘इ’पूर्वी ‘त’चा ‘स’ होतो. तिच्या मध्यवर्ती बोलीत म, न यांसारखी अनुनासिके स्वतंत्र व्यंजने म्हणून नाहीतच. पाच अनुनासिकांची अक्षरे पाठ करून वाढलेल्या आपल्याला हे चटकन पटत नाही. मात्र परका माणूस रोटोकास कशी बोलतो याची नक्कल करताना तेच भाषक अनुनासिके वापरतात, मग त्या परक्याने ती उच्चारलेली असोत वा नसोत! शेजारच्या आइता बोलीत मात्र ही व्यंजने स्वतंत्रपणे टिकून आहेत, त्यामुळे मध्यवर्ती बोलीने ती गमावली असावीत, हेच अधिक संभवनीय वाटते.