मदत हवी आहे: लोहाची निळी गोळी चालू असूनही मुलींचं एचबी (हिमोग्लोबिन) वाढत नाही

अधीक्षिका_सातपुडा:
नंदुरबारमधली मुलींची आश्रमशाळा आहे. दर सोमवारी जेवणानंतर निळी गोळी दिली जाते, जंताची गोळीही वेळेवर होते. तरी आठवी-नववीच्या काही मुलींचं एचबी 9-10 च्या पुढे जात नाही. आहारात बीट आणि गूळ-शेंगदाणे वाढवले आहेत. मळमळ होते म्हणून काही मुली गोळी टाळतात. नेमकं काय बदलायचं?

उपकेंद्र_ताई:
ताई, आठवड्याची निळी गोळी (60 मिग्रॅ लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल) रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. झालेला भरून काढायला ती पुरत नाही. या वयात 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. 8 ते 11.9 असेल तर ॲनिमिया मुक्त भारत या सरकारी मोहिमेच्या सूचनांप्रमाणे याच ताकदीच्या दोन गोळ्या रोज, तीन महिने. मुलींची यादी करून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून हा डोस सुरू करून घ्या. 8 च्या खालच्या मुलीला लगेच तिथे न्या, गोळ्यांवर थांबू नका. 12 झालं की पुन्हा आठवड्याची गोळी.

मळमळ बहुतेकदा उपाशीपोटी घेतल्याने होते. जेवणानंतर, शक्यतो रात्री द्या. शी काळी होईल हे आधीच सांगा, नाहीतर मुली घाबरून गोळ्या बंद करतात. चहा गोळीच्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको, दूध आणि कॅल्शियमची गोळीही सोबत नको.

आहार_सल्ला:
बिटाचा रंग लाल असला तरी त्यात लोह फार थोडं असतं, त्यावर पैसे घालवू नका. राजगिऱ्याची भाजी, हळीव, मोड आलेली मटकी द्या आणि त्याच ताटात लिंबू किंवा आवळा असू द्या. वनस्पतीतलं लोह क जीवनसत्त्वाशिवाय अंगी फार कमी लागतं. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळा, उकळलं की क जीवनसत्त्व जातं. मुली खात असतील तर अंडी-मासेही चालतील.

लॅब_धुळे:
एचबी कसं तपासता? बोट दाबून रक्त काढलं तर पेशींच्या आजूबाजूचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. पहिला थेंब पुसून पुढचा, आपसूक आलेला घ्या.

गोळ्या रोज नीट पोटात जाऊनही महिन्याभरात एचबी 1 ग्रॅमनेही वाढलं नाही तर डोस वाढवत बसू नका, मोठ्या रुग्णालयात पाठवा. तुमच्या भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार आहे, त्यातही एचबी कमी राहतं. त्यासाठी सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी करा, ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या चाचण्यांनीच कळतं. पाळीत किती दिवस आणि किती रक्त जातं, हेही प्रत्येकीला एकटीला विचारा. चारचौघींत मुली सांगत नाहीत.

अधीक्षिका_सातपुडा:
महिन्याच्या गोळ्या मुलींकडेच देऊन ठेवल्या तर चालेल?

उपकेंद्र_ताई:
नको. वसतिगृहात लहान मुलीही आहेत, आणि एकदम बऱ्याच गोळ्या पोटात गेल्या तर लोहाची विषबाधा जिवावर बेतते. डबा कुलपात ठेवा, रोज समोर गिळायला लावा आणि कार्डावर खूण करा.