गॅरेजचं दार बंदच होत नाही

प्रश्न (न्यू जर्सी): रिमोट दाबला की दार थोडं खाली येऊन परत वर जातं, ओपनरचा (दार उघडबंद करणाऱ्या मोटरच्या यंत्राचा) दिवा लुकलुकतो. भिंतीवरचं बटण दाबून धरलं तर मात्र पूर्ण बंद होतं. मोटर गेली का?

उत्तर १: मोटर ठणठणीत आहे. बटण धरून बंद होतंय म्हणजे सेन्सरची गडबड (समोरासमोरची ही जोडी, एकातून निघालेला किरण दुसरा टिपतो; तो अडला की दार परत वर जातं). दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून 6 इंचांच्या आत बघा. भिंगं मऊ कापडानं पुसा, कोळ्याची जाळी काढा. एखाद्याचा दिवा मिणमिणत असेल तर नट सैल करून तो स्थिर पेटेपर्यंत वळवा, मग आवळा.

उत्तर २: ठरावीक वेळीच होतंय? मग ऊन भिंगात शिरतंय. दोन्ही सेन्सरची अदलाबदल करा, म्हणजे किरण टिपणारा सावलीच्या बाजूला जाईल.

उत्तर ३: दार बंद असताना ओपनरला लटकणारी लाल दोरी ओढा (दार मोटरपासून सुटतं), हातानं कमरेपर्यंत उचला. जड लागलं तर दाराचं वजन पेलणारी स्प्रिंग गेली. तिला हात लावू नका, ताण जीवघेणा असतो.