मदत हवी आहे: कारचे टायर दोनच बदलू की चारही?

मंडळी, पुढच्या दोन्ही टायरची नक्षी खाचांमधल्या उंचवट्यांना येऊन टेकली आहे. म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर उरली, ते बदलणं भागच आहे. मागच्यांची नक्षी चांगली आहे, पण बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा दिसू लागल्यात. अशा चिरांवर किती दिवस काढता येतात? मला तरी धाकधूक वाटते, गाडीत लहान मुलं असतात.

दोनच घेतले तर नवे टायर मागे लावावेत, असं वाचलंय, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली की गाडी सावरणं अवघड जातं. पण मग चिरा पडलेले पुढे येणार. ते पटत नाही.

साईज १८५/६५ आर१५ ८८एच आहे (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची; ८८एच म्हणजे भार आणि वेगाची मर्यादा). दुकानदार १९५/६५ घ्या म्हणतो, 'पकड वाढेल.' पण त्याने चाकाचा व्यास साधारण दोन टक्के वाढतो, स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवणार. कुणी असा बदल केलाय का? मायलेज, स्टिअरिंगचा जडपणा यात काय फरक पडला?

अजून एक. त्याने दाखवलेल्या टायरवर तारखेचे आकडे ३५२३ आहेत, म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. टायर न वापरलेला आहे, सवलतही देतोय. घ्यावा की ताज्या मालासाठी थांबावं?

माझं प्राधान्य पावसातली पकड आणि ब्रेकिंग, आवाज थोडा जास्त चालेल. स्वतः वापरलेल्या टायरचा अनुभव सांगा, प्लीज.